'इलेक्ट्रिसिटी'चे दोन अर्थ: वीज, विद्युत, करंट आणि भारलेले वातावरण

शब्दयात्री

नमस्कार मंडळी. शाळकरी मुलांसाठी इंग्रजी-मराठी शब्दसूची तयार करण्याच्या कामात मी सध्या मदत करते आहे. 'इलेक्ट्रिसिटी' या नोंदीचा पहिला अर्थ, म्हणजे वीज किंवा विद्युत, लगेच लिहून झाला. इंग्रजीत या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे: सभेत, मैदानावर किंवा नाट्यगृहात माणसामाणसांत एकाएकी पसरणारी उत्कट उत्तेजना. त्यासाठी काय लिहावे यावर मात्र आमच्या गटात एकमत होत नाही. एका बाजूचे म्हणणे असे की, 'वातावरणात जणू वीज संचारली होती' यासारखी वाक्ये आता छापून येऊ लागली आहेत, तेव्हा 'वीज' हाच दोन्ही अर्थांचा प्रतिशब्द मानावा. मला ते पटत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

मराठीत वीज माणसाच्या संदर्भात येते तेव्हा तिच्याकडून आपण तीनच गोष्टी घेतो. एक म्हणजे वेग: 'विजेच्या चपळाईने तो उठला.' दुसरी म्हणजे तेज: 'अंधारात पाते विजेसारखे लखलखले.' तिसरी, आणि बोलण्यात सर्वांत जास्त येणारी, म्हणजे आघात: 'मुलाच्या अपघाताची बातमी आली आणि त्या घरावर वीज कोसळली.' सामूहिक आनंद, उत्साह किंवा उत्कंठा यांचे काम आपली भाषा विजेकडे सोपवत नाही. 'सभेवर वीज पडली' असे कोणी म्हणाले, तर ऐकणारा टाळ्यांचा कडकडाट डोळ्यांपुढे आणणार नाही, किती माणसे दगावली हे विचारील.

त्या दुसऱ्या अर्थासाठी मराठीत नाम शोधत बसण्यापेक्षा क्रियापदे शोधावीत असे मला वाटते. वातावरण भारून जाते, अंगात चैतन्य सळसळते, स्फुरण चढते, अवसान येते, उत्साहाला उधाण येते, अंगात काहीतरी संचारते. पंढरीच्या वाटेवर रिंगणाच्या वेळी अश्व धावू लागतो आणि भोवतीचे हजारो लोक एका आवाजात नामघोष करू लागतात, त्या क्षणाचे वर्णन करताना वारकरी माणूस 'वातावरण भारून गेले होते' असेच म्हणतो. त्याच्या तोंडी 'वीज' येत नाही.

दोन्ही अर्थांच्या शब्दांबद्दल जाणकारांनी लिहावे, ही विनंती. व्युत्पत्ती, बोलीतील रूपे, कामाच्या ठिकाणचे शब्द, सगळ्याचाच उपयोग होईल.

अमरपाठी

चांगला विषय आहे. व्युत्पत्तीपासून सुरुवात करतो.

'वि' हा उपसर्ग आणि 'द्युत्' म्हणजे प्रकाशणे हा धातू, यांपासून 'विद्युत्' झाला. जी विशेष प्रकाशते ती विद्युत्. द्युती आणि खद्योत हे त्याच धातूचे शब्द आहेत; खद्योत म्हणजे आकाशात प्रकाशणारा, आपला काजवा. 'विद्युत्'चे प्राकृतात 'विज्जु' झाले आणि त्यातून मराठीत 'वीज' आली. हिंदीतील 'बिजली' आणि गुजरातीतील 'वीजळी' या तिच्याच बहिणी, फक्त त्यांच्या मागे एक जादा प्रत्यय लागलेला आहे. आपल्या लावणी-पोवाड्यांत 'बिजली' येते ती हिंदीकडून आलेली पाहुणी.

समानार्थी शब्दांसाठी अमरकोशातील एकच श्लोक पुरे आहे: 'शम्पा शतह्रदा ह्रादिन्यैरावत्यः क्षणप्रभा । तडित्सौदामिनी विद्युच्चञ्चला चपला अपि ॥' एका दमात दहा नावे. ती सावकाश वाचली तर आपल्या पूर्वजांनी वीज किती बारकाईने पाहिली होती ते कळते. क्षणप्रभा म्हणजे क्षणभरच प्रभा असणारी. चंचला आणि चपला या एका जागी न ठरणाऱ्या. ह्रादिनी म्हणजे नाद करणारी. सौदामिनीचे संस्कृतातील जुने रूप सौदामनी असे असून, 'सुदामन् पर्वताच्या दिशेला असणारी ती सौदामनी' अशी तिची फोड पाणिनीच्या सूत्राचे उदाहरण म्हणून व्याकरणात दिलेली आहे. दामिनी हा सौदामिनीचाच पुढे रुळलेला अवतार.

या दहापैकी मराठीने काव्यासाठी सौदामिनी, चपला आणि तडित राखून ठेवल्या, मुलींच्या नावांसाठी सौदामिनी आणि दामिनी घेतल्या, आणि शम्पा, ऐरावती, शतह्रदा यांना वीज या अर्थाने जवळजवळ सोडूनच दिले. दामिनी मात्र पुन्हा रोजच्या कामाला लागली आहे. महिलांच्या सुरक्षेसाठी असलेल्या पोलीस पथकांना 'दामिनी पथक' म्हणतात आणि पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने वीज पडण्याची पूर्वसूचना देणारे जे अ‍ॅप तयार केले आहे, त्याचे नावही 'दामिनी' आहे. या दुसऱ्या ठिकाणी जुना शब्द अगदी आपल्या मूळ अर्थाने नांदतो आहे, याचा मला फार आनंद वाटतो.

धागाकर्तीच्या मुख्य म्हणण्याशी मी सहमत आहे, पण पूर्णपणे नाही. त्याबद्दल नंतर लिहितो.

भौतिकी_शिक्षिका

नववी-दहावीला विज्ञान शिकवते, म्हणून पहिल्या अर्थाबद्दल थोडे लिहिते.

इंग्रजी शब्द आणि आपला शब्द अगदी वेगवेगळ्या ठिकाणांहून निघाले आहेत. ग्रीक भाषेत अंबर या खड्याला 'इलेक्ट्रॉन' म्हणत. अंबर घासले की ते गवताच्या काड्या, पिसे ओढून घेते, हे ग्रीकांना ठाऊक होते. विल्यम गिल्बर्ट यांनी १६०० मध्ये चुंबकावरचा आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा असे आकर्षण दाखवणाऱ्या पदार्थांना त्यांनी 'अंबरासारखे' या अर्थाचे विशेषण वापरले आणि तिथून पुढे सगळी शब्दमाला तयार झाली. फारसीतही अंबराला 'कहरुबा', म्हणजे काडी खेचून नेणारा, असे नाव आहे आणि अरबीत विजेसाठी आजही त्यावरून आलेला शब्द चालतो. आपल्याकडे संस्कृतात अंबराला 'तृणमणी' म्हणतात. म्हणजे काडी ओढण्याचा गुण आपल्यालाही माहीत होता, तरीही विजेला नाव देताना आपण तृणमण्याकडे गेलो नाही; आभाळाकडे पाहिले.

आभाळाकडे पाहण्याला शास्त्राचा भक्कम आधार होता. ढगांतील वीज आणि घर्षणाने निर्माण होणारी विद्युत एकाच जातीची आहे, हे १७५२ मध्ये, आधी फ्रान्समध्ये उंच लोखंडी सळई उभारून आणि मग बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पतंगाच्या प्रयोगातून, सिद्ध झाले. मुंबईत विजेची ट्राम धावली १९०७ मध्ये, खोपोलीचे जलविद्युत केंद्र सुरू झाले १९१५ मध्ये आणि बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची रेल्वे सुरू झाली ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. ही नवी शक्ती मराठी माणसाच्या दारात आली तेव्हा ती आभाळातील विजेचीच सख्खी आहे हे जगाला माहीत होते, त्यामुळे जुने नाव तिला चपखल बसले.

मुलांच्या शब्दसूचीसाठी एक सूचना. 'वीज' या एका शब्दाखाली प्रवाह, दाब, ऊर्जा आणि शक्ती यांची सरमिसळ होऊ देऊ नका. बल वेगळे, ऊर्जा वेगळी, शक्ती वेगळी. विद्युत ऊर्जेला काळाने भागले की विद्युत शक्ती मिळते. वीजबिलावर जे 'युनिट' असते ते ऊर्जेचे एकक आहे, म्हणजे एक किलोवॅट-तास; आणि शेतातल्या मोटारीवर जी 'अश्वशक्ती' लिहिलेली असते ती शक्ती आहे, एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॅट. व्यवहारात 'वीज किती जळली' असे आपण म्हणतो तेव्हा ऊर्जेबद्दल बोलत असतो. हे वर्गात फळ्यावर लिहून दिले की मुलांचा निम्मा गोंधळ मिटतो.

तारतंत्री

मी वीज वितरणात तारमार्गावर काम करून निवृत्त झालो. माझे सदस्यनाम कोणाला अनोळखी वाटेल म्हणून सांगतो: आयटीआयच्या मराठी कागदपत्रांत इलेक्ट्रिशियनला 'वीजतंत्री' आणि वायरमनला 'तारतंत्री' म्हणतात. शब्द सुंदर आहेत, पण प्रमाणपत्राबाहेर कोणी वापरत नाही. गावात आम्ही वायरमन किंवा लाइनमन.

कार्यालयात दोन भाषा एकाच टेबलावर नांदतात. पत्र लिहायचे तर रोहित्र, उपकेंद्र, वाहिनी, भारनियमन, भूसंपर्कन. तेच फोनवर बोलायचे तर ट्रान्सफॉर्मर, सबस्टेशन, फीडर, लोडशेडिंग, अर्थिंग. 'रोहित्र नादुरुस्त झाल्याने वीजपुरवठा खंडित झाला' असे सूचनाफलकावर लिहिणारा माणूसच पुढच्या मिनिटाला 'डीपी उडाली' असे ओरडून सांगतो. पूर्वीच्या विद्युत मंडळाचे २००५ मध्ये विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण या कंपन्या आल्या, तेव्हा 'पारेषण' हा शब्द पहिल्यांदा सर्वसामान्यांच्या कानांवर पडला. पण जुनी माणसे अजून 'एमएसईबी'चाच माणूस आला म्हणतात.

'करंट' आणि 'शॉक' हे आमचे खरे शब्द. तारेत करंट असतो, माणसाला शॉक बसतो. 'करंट बसला' असेही म्हणतात. 'विजेचा धक्का' बातमीत आणि पंचनाम्यात येतो. पण या सगळ्यांपेक्षा एक भयंकर आणि अचूक शब्द आमच्या बोलण्यात आहे: 'चिकटला.' 'अमका माणूस तारेला चिकटला' असे ऐकले की आमच्या काळजाचा ठोका चुकतो. घरातला पुरवठा २३० व्होल्टचा, सेकंदाला ५० आवर्तने असलेला असतो. असा प्रवाह हातातून गेला की स्नायू आकसतात, मूठ मिटते आणि माणसाची इच्छा असूनही तार सुटत नाही. तार त्याला धरून ठेवत नाही, त्याचाच हात तारेला धरून ठेवतो. हे शरीरशास्त्र न शिकलेल्या लोकांनी नुसते डोळ्यांनी पाहून 'चिकटणे' हे क्रियापद निवडले. शब्दसूचीत ते जरूर घ्या आणि शेजारी एक वाक्य लिहा: चिकटलेल्या माणसाला हाताने ओढू नये, आधी मेन स्विच बंद करावा.

दुसऱ्या अर्थाबद्दल माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. ज्याने ही वीज जवळून पाहिली आहे, त्याला ती आनंदाची उपमा म्हणून सुचत नाही. गाव दोन दिवस अंधारात असते, चिखल तुडवून आम्ही दुरुस्ती करतो, आणि दिवे लागल्याबरोबर वाड्यावाड्यांतून पोरांचा 'आऽऽली' असा एकच गलका उठतो. तो उत्साह पोरांचा. वीज फक्त येते आणि जाते.

बांधावरून

तारतंत्रीदादांनी मनातले लिहिले. शेतीकडचे काही शब्द देतो.

आमच्याकडे वीज येत नाही, 'लाईन' येते. 'आज लाईन रात्रीची आहे', 'लाईन कधी सुटणार', 'लाईन गेली' अशी भाषा असते. घरातले दिवे सिंगल फेजवर चालतात, मोटारीला थ्री फेज लागते, म्हणून दिवे लागलेले असले तरी शेतकरी 'लाईन नाही' म्हणतो आणि त्याच्या दृष्टीने ते खरेच असते. खांबावरचा 'डीओ', म्हणजे ड्रॉप-आउट फ्यूज, पडला की एक फेज जातो. चोरून जोडणी घेण्याला 'आकडा टाकणे' म्हणतात. हा 'आकडा' अंकाचा नव्हे, तारेला वाकवून केलेल्या हुकाचा.

आभाळातल्या विजेला आमची म्हातारी माणसे 'ईज' म्हणतात, जशी विहिरीला 'इहीर'. 'ईज लवली', 'ईज कडाडली', 'तुझ्यावर ईज पडो'. तारेतल्या विजेला कोणीही 'ईज' म्हणताना मी ऐकलेले नाही. बोलीने दोघींना वेगळे ठेवले आहे: आभाळातली ती ईज, खांबावरची ती लाईन किंवा लाईट. वैशाखात माणसे आणि जनावरे झाडाखाली उभी असताना ईज पडून मरतात. त्या शब्दामागे भीती आहे, त्यामुळे आनंदाच्या वाक्यात तो बसत नाही, हे धागाकर्तीताईंचे म्हणणे मला पटते.

मांडवीकाठ

गोव्यातून एक भर. कोंकणीत हा भेद आणखी स्पष्ट आहे. आभाळात चमकते ते 'जोगूल' आणि तारेतून येते ती 'वीज'. सरकारी खाते ते 'वीज खातें'. पावसाळ्याच्या तोंडावर 'गडगडां आनी जोगलां' सुरू झाली की थोड्याच वेळात वीज जाते, असे वाक्य कोंकणीत कोणत्याही संभ्रमाशिवाय बोलता येते. मराठीत तेच वाक्य 'वीज चमकली आणि वीज गेली' असे होते आणि क्रियापदावरून अर्थ लावावा लागतो.

शब्दयात्री

मांडवीकाठ, तुमच्या शेवटच्या वाक्याने एक दार उघडले. मराठीत क्रियापदेच दोन विजांना वेगळे ठेवतात. आभाळातली वीज चमकते, लवते, लखलखते, कडाडते, कोसळते. पुरवठ्याची वीज येते, जाते, खंडित होते, तोडली जाते, चोरली जाते. यांची अदलाबदल होत नाही. यातला 'लवणे' मला विशेष आवडतो, कारण 'डोळ्याचे पाते लवते न लवते तोच' यात तोच शब्द आहे. विजेची उघडमीट आणि पापणीची उघडमीट भाषेने एका क्रियापदात बांधली आहे.

'लाईट'च्या लिंगवचनाचीही नोंद घ्यायला हवी. 'लाईट गेली', 'लाईट गेले', 'लाइटी गेल्या' ही सगळी रूपे मी ऐकली आहेत. दिवा या अर्थाने तो शब्द अनेकवचनी होतो आणि पुरवठा या अर्थाने बहुधा स्त्रीलिंगी होतो, कदाचित 'वीज' स्त्रीलिंगी आहे म्हणून. शब्दसूचीत मी स्त्रीलिंग देण्याच्या विचारात आहे.

उपसंपादक

मी वृत्तपत्राच्या क्रीडा पानावर काम करतो, त्यामुळे 'वातावरणात वीज संचारली' हे वाक्य माझ्यासारख्यांच्याच हातून छापले जाते. त्याची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते.

२ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवर विजयी षटकार गेला तेव्हाच्या जल्लोषासारखे क्षण रोज लिहायचे असतात. 'भारलेले', 'मंतरलेले', 'चैतन्यमय' हे शब्द आम्ही इतके वापरले आहेत की वाचकाच्या मनावर त्यांचा ठसा उमटत नाही. शिवाय 'भारलेले' यात एक गंभीर, जवळजवळ धार्मिक सूर आहे. व्याख्यान किंवा मैफील भारलेली असू शकते; चाळीस हजार लोक घसा फोडून ओरडत असताना 'मंतरलेले वातावरण' हे खोटे वाटते. भाषा नवे अर्थ घेतच वाढते. 'करंट' घ्या. तरुण मुले 'त्याच्या बोलण्यात करंट आहे' असे म्हणतात, त्यात प्रशंसा असते. कोकणातले मच्छीमार 'पाण्याला करंट आहे' म्हणतात, तिथे तो ओढीचा प्रतिशब्द आहे. एका आयात शब्दाला आपण तीन अर्थ दिले, मग स्वतःच्या विजेला दुसरा अर्थ देताना एवढा संकोच कशासाठी?

एका गोष्टीत मात्र मी शब्दयात्रींच्या बाजूने आहे. 'एक्साइटमेंट'साठी सरसकट 'उत्तेजना' लिहिण्याची सवय वाईट आहे. मराठीत 'उत्तेजन' म्हणजे प्रोत्साहन, म्हणून तर 'उत्तेजनार्थ पारितोषिक' असते. 'उत्तेजक' म्हणजे खेळाडूंनी घेऊ नये असे द्रव्य. 'उत्तेजित' याला शारीरिक वासनेची छटा आहे. त्यामुळे 'सामना पाहण्यास प्रेक्षक उत्तेजित झाले होते' हे वाक्य आले की मी ते कापतो आणि प्रसंगानुसार आतुर, अधीर, उत्कंठित किंवा बेभान लिहितो. हे चार शब्द चार वेगळ्या वेळांचे आहेत. सामना सुरू होण्याआधी प्रेक्षक आतुर असतात, अंतिम षटकात उत्कंठा शिगेला पोहोचते, विजयानंतर ते बेभान होतात. 'थरार' हा सामन्याचा गुण आहे, प्रेक्षकाचा नाही.

शब्दयात्री

उपसंपादक, आतुर-उत्कंठित-बेभान ही तुमची विभागणी मी जशीच्या तशी घेणार आहे. इंग्रजी शब्दाने एकाच पोत्यात भरलेले तुम्ही वेगवेगळे करून दाखवले. गर्दीच्या जल्लोषाला 'मंतरलेले' शोभत नाही, हेही मान्य. त्यासाठी 'उधाण' आहे, 'जल्लोष' आहे, 'मैदान दणाणून गेले' आहे, 'अंगात वारे संचारले' आहे.

विजेबद्दल मात्र माझे मत कायम आहे. तुमच्याच वाक्यात पाहा, 'संचारली' हे क्रियापद काम करते आहे. ते वाऱ्याचे, देवाचे, चैतन्याचे क्रियापद आहे. त्या जागी वीज आणून बसवली, तरी अर्थ 'संचारणे' यातूनच येतो. 'वातावरणात वीज होती' एवढेच लिहून पाहिले तर वाक्य मराठी वाचकाला काहीच सांगत नाही. शब्दाने नवा अर्थ खरोखर घेतला आहे की नाही, हे मी असेच तपासते. 'करंट' या कसोटीला उतरतो, कारण 'त्याच्या बोलण्यात करंट आहे' हे वाक्य कुबडीशिवाय उभे राहते. म्हणून 'करंट' बोलीतील अर्थ म्हणून घ्यावा, 'वीज' घेऊ नये.

भौतिकी_शिक्षिका

'भारणे' या शब्दाबद्दल एक गोष्ट राहून गेली. आपण पाठ्यपुस्तकात 'चार्ज'ला प्रभार म्हणतो, धनप्रभारित आणि ऋणप्रभारित वस्तू म्हणतो. आणि गावाकडे तांदूळ, अंगारा, दोरा 'भारून' देतात. मंत्र खरा मानावा असे मी म्हणत नाही, पण शब्दामागची कल्पना फार जवळची आहे. भारलेला दोरा पाहायला पहिल्यासारखाच असतो, तरी त्यात काहीतरी साठवले आहे अशी भावना असते. कोरड्या केसांवर घासलेला कंगवाही दिसायला पहिल्यासारखाच असतो, पण कागदाचे कपटे टेबलावरून उचलून घेतो. वर्गात हा प्रयोग करताना मी 'कंगवा भारला गेला' असेच म्हणते आणि मुलांना 'प्रभार' हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इंग्रजीतही सभेचे वातावरण 'चार्ज्ड' असते. मराठीत त्याला 'भारलेले' म्हणतात. हे भाषांतर कोणी ठरवून केलेले नाही, दोन्ही भाषांच्या वाटा इथे आपोआप मिळाल्या आहेत.

अमरपाठी

आता माझा राहिलेला मतभेद. वीज आणि उत्साह यांचे नाते मराठीत मुळीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ते 'वीज' या शब्दात नाही, 'स्फुरण' या शब्दात आहे.

'स्फुर्' या धातूचा अर्थ थरथरणे, स्पंदन पावणे आणि चमकणे असा आहे. डोळा किंवा बाहू फडफडतो त्याला संस्कृतात स्फुरण म्हणतात, आणि वीज चमकते तेही स्फुरणच. कालिदासाच्या मेघदूतात यक्ष मेघाला उज्जयिनीवरून जायला सांगतो, तेव्हा तिथल्या स्त्रियांच्या डोळ्यांचे वर्णन 'विद्युद्दामस्फुरितचकितैः' असे येते, म्हणजे विजेच्या रेषेच्या स्फुरणाने दचकलेले डोळे. त्याच धातूवरून मराठीत स्फूर्ती आली, उत्स्फूर्त आले, कवीला कविता स्फुरली आणि पोवाडा ऐकताना स्फुरण चढले. डफाची थाप पडते, शाहीर आवाज चढवतो आणि ऐकणाऱ्याच्या बाहूंत जे काही थरथरते, त्याला आपण अगदी नेमका शब्द वापरतो. त्या शब्दाच्या पोटात चमक आणि कंप दोन्ही आहेत. इंग्रजी शब्दाचा दुसरा अर्थ आणखी कशात सापडणार? 'स्फुल्लिंग' म्हणजे ठिणगी, हाही या परिवारातलाच आणि तोही 'स्वातंत्र्याचे स्फुल्लिंग' अशा प्रयोगात उत्साहाचाच वाचक आहे.

तसाच 'रोमांच'. अंगावरचे केस उभे राहणे हा त्याचा शब्दशः अर्थ. मोकळ्या माळावर असताना अंगावरचे केस एकाएकी उभे राहिले तर वीज जवळच पडण्याचा धोका आहे, तेव्हा पाय जुळवून उकिडवे बसावे, अशी सूचना आपत्ती व्यवस्थापनाची माणसे देतात. म्हणजे रोमांच हा देहाचा अनुभव वीज आणि आनंद या दोघांतही येतो. मात्र भाषेने तो शब्द आनंद आणि थरार यांच्यासाठी ठेवला. यावरून उपसंपादकांनीही खुशाल 'रोमांचक' लिहावे, फक्त दर सामन्याला लिहू नये.

प्रमाणलेखन

धागा शब्दसूचीसाठी आहे म्हणून लेखनाबद्दल. 'वीज' मध्ये वी दीर्घ, पण सामान्यरूपात तो ऱ्हस्व होतो: विजेचा, विजेने, विजेवर, अनेकवचनात विजा. 'वीजेचा' हे चुकीचे रूप पाट्यांवरही दिसते. समासात मूळ शब्द तसाच राहतो, म्हणून वीजबिल, वीजचोरी, वीजनिर्मिती यांत दीर्घ.

संस्कृतातील 'विद्युत्' मराठीत पाय न मोडता 'विद्युत' असा लिहावा. परंतु संधी झालेले शब्द संस्कृतातून जसे आले तसेच राहतात: विद्युल्लता, विद्युद्दीप, विद्युन्माला. शेवटचा शब्द वृत्ताचे नावही आहे, आणि त्याच्या चरणातली आठही अक्षरे गुरू असतात.

कोणता शब्द कुठे, याचाही काही रिवाज दिसतो. बिल, चोरी, टंचाई, दर यांच्याशी 'वीज' जुळते. दाहिनी, रोषणाई, अभियांत्रिकी यांच्याशी 'विद्युत'. 'वीजदाहिनी' कोणी म्हणत नाही. कंपनीचे नाव 'विद्युत वितरण', पण तिचे ग्राहक 'वीजग्राहक'.

शब्दयात्री

सर्वांचे मनापासून आभार. आजच्या बैठकीत ठेवण्यासाठी केलेला मसुदा देते आहे.

पहिल्या अर्थाखाली 'वीज (स्त्री.), विद्युत, बोलीत लाईट, लाईन, करंट' असे येईल, आणि आभाळातील विजेची नोंद वेगळी राहील, तिच्याखाली तडित, सौदामिनी, दामिनी, चपला आणि बोलीतील 'ईज' येतील. दुसऱ्या अर्थाखाली एकच नाम न देता 'स्फुरण, चैतन्य, रोमांच' आणि त्यानंतर प्रयोग: 'वातावरण भारून जाणे', 'अंगात संचारणे', 'उत्कंठा शिगेला पोहोचणे'. 'करंट' पुन्हा इथे, बोलीतील अर्थ म्हणून. 'उत्तेजना' घेतलेली नाही.

तारतंत्री

मसुदा आवडला. पहिल्या अर्थात 'चिकटणे' राहिले आहे, तेवढे घालावे, आणि त्याच्या शेजारचे मेन स्विचचे वाक्य गाळू नये. शब्दसूची मुलांच्या हातात जाणार आहे.

शब्दयात्री

घातले. वाक्यासह.